मूळ कॅमशाफ्ट रिग्राइंड करून घेतल्याने इंजिनाची ताकद खरोखर वाढते का?

तुमच्या जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनासाठी तयार परफॉर्मन्स कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) मिळत नाही, म्हणून मूळ शाफ्टच ग्राइंडिंगला देऊन लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो) आणि ड्युरेशन (तो किती अंश उघडा राहतो) वाढवून घ्यावे का, आणि तसे केल्याने शाफ्ट लवकर झिजेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी हेड आणि व्हॉल्व्हचे काम करतो आणि माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र हा होकार मर्यादित वाढीपुरताच आहे, आणि शाफ्ट ग्राइंडरकडे जाण्याआधी हेडची सर्व मापे तुमच्या हातात असतील तरच तो लागू होतो.

ग्राइंडिंगच्या चाकाने धातू फक्त निघतो, त्यामुळे लोबचे, म्हणजे शाफ्टवरच्या उंचवट्याचे, टोक कधीच उंच होत नाही. लिफ्ट वाढते ती बेस सर्कल, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना टॅपेट (लोबवर टेकून वर-खाली होणारा भाग) ज्या गोल भागावर टेकलेला असतो तो भाग, लहान केल्यामुळे. समजा, मूळ बेस सर्कलचा व्यास 32 मिमी आहे आणि लोबचे टोक शाफ्टच्या मध्यापासून 22 मिमी अंतरावर आहे. म्हणजे लिफ्ट 22 वजा 16, अर्थात 6 मिमी झाली. आता बेस सर्कल 30 मिमीपर्यंत उतरवले आणि टोकावरून 0.2 मिमी धातू गेला, तर नवी लिफ्ट 21.8 वजा 15, म्हणजे 6.8 मिमी होते. रॉकरचे, म्हणजे टॅपेटची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या तरफेचे, गुणोत्तर 1.5 असेल तर व्हॉल्व्हवरची लिफ्ट, क्लिअरन्स (व्हॉल्व्ह बंद असताना ठेवलेली फट) सोडून, 9 मिमीवरून 10.2 मिमीवर जाते. ड्युरेशन वाढवण्यासाठी लोबच्या दोन्ही बाजू अधिक भरीव लागतात, पण तेथे धातू चढवता येत नसल्यामुळे संपूर्ण नवा आकार जुन्या लोबच्या आतच बसवावा लागतो, आणि ड्युरेशनची मागणी जितकी मोठी तितके बेस सर्कल खोल न्यावे लागते. रिग्राइंडची खरी मर्यादा येथे आहे. लोबवर वेल्डिंगने धातू चढवून मग ग्राइंड करण्याची पद्धतही आहे, परंतु त्यात शाफ्ट वाकण्याचा आणि तडे जाण्याचा धोका असतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी ती सुचवणार नाही.

बेस सर्कल लहान झाल्याचा पहिला परिणाम क्लिअरन्सवर होतो. वरच्या उदाहरणात टॅपेट ज्या पृष्ठभागावर टेकतो तो 1 मिमीने खाली गेला आहे. कॅम थेट बकेट टॅपेटवर चालत असेल तर तेवढ्याच जास्त जाडीचे शिम (फट भरणाऱ्या चकत्या) लागतील, आणि ते तुमच्या टॅपेटमध्ये बसतात की नाही हे आधी पाहावे लागेल. पुशरॉडच्या (टॅपेटपासून रॉकरपर्यंतच्या दांड्यांच्या) इंजिनात लांब पुशरॉड लागतात. केवळ ॲडजस्टिंग स्क्रू खाली फिरवून काम भागवले, तर रॉकर तिरका बसतो, त्याचे टोक व्हॉल्व्हच्या दांड्याच्या मध्यावरून सरकते आणि व्हॉल्व्ह गाइड एका बाजूने झिजू लागतो. ही झीज लगेच दिसत नाही, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने फट स्वतः भरणारे) टॅपेट असतील तर आतल्या प्लंजरचा प्रवास मर्यादित असतो आणि हा फरक तो एका ठरावीक हद्दीपर्यंतच भरून काढतो.

दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे, आणि शाफ्ट लवकर झिजेल का या तुमच्या शंकेचे उत्तर बहुतांशी त्यातच आहे. सपाट टॅपेटच्या कॅममध्ये लोबच्या कोणत्याही बिंदूवरची वक्रता-त्रिज्या म्हणजे बेस सर्कलची त्रिज्या, त्या क्षणाची लिफ्ट आणि त्या क्षणाचे भूमितीय (वेळेऐवजी कॅमच्या कोनानुसार मोजलेले) त्वरण यांची बेरीज असते. टोकाजवळ हे त्वरण ऋण असते, म्हणून तेथे त्रिज्या आधीच लहान झालेली असते. बेस सर्कलमधून 1 मिमी वजा केला की ती आणखी घटते, टोक अणकुचीदार होते आणि टॅपेटवरचा दाब छोट्या जागी एकवटतो. त्यात ताठ स्प्रिंग बसवली तर भार अजून वाढतो. सपाट टॅपेटचे आणखी एक बंधन असे की, लोबचा स्पर्शबिंदू टॅपेटच्या मध्यापासून जितका सरकतो, तितकाच कॅमचा दर रेडियनमागचा उचलण्याचा वेग असतो. 28 मिमी व्यासाच्या टॅपेटवर हा वेग 14 मिमी प्रति रेडियन, म्हणजे सुमारे 0.24 मिमी प्रति अंश, याच्या पुढे गेला तर लोब टॅपेटच्या कडेवर घासू लागेल. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आत राहावे लागते. त्यामुळे दुसऱ्या इंजिनाचे एखादे आक्रमक प्रोफाइल जसेच्या तसे तुमच्या शाफ्टवर उतरवण्याचा आग्रह धरू नका. ग्राइंडरकडे मास्टर प्रोफाइलचा मोठा संग्रह असला, तरी तुमच्या टॅपेटच्या व्यासाला कोणते चालेल हे त्याला विचारून घ्या.

धातूचा प्रश्न शाफ्टच्या जातीवर अवलंबून आहे. चिल्ड कास्ट आयर्नच्या शाफ्टमध्ये कठीण थर काही मिलिमीटर खोल असतो, आणि त्यातला काही भाग उतरल्यावरही लोब कठीण राहतो. रिग्राइंडसाठी मला हाच प्रकार सर्वांत भरवशाचा वाटतो. इंडक्शन हार्डनिंग केलेल्या शाफ्टमध्ये थराची खोली तपासून घ्यावी. नायट्रायडिंगचा (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कठीण केलेला) थर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो, त्यामुळे असा शाफ्ट ग्राइंड केल्यावर पुन्हा नायट्रायडिंग करणे अपरिहार्य आहे. पोकळ नळीवर वेगळे लोब दाबून बसवलेले आधुनिक शाफ्ट या कामासाठी देऊच नयेत, कारण तेथे लोबमध्ये काढण्याजोगा धातूच नसतो. शाफ्ट परत आल्यावर प्रत्येक लोबचा कठीणपणा मोजून घ्या आणि तडे तपासा; घाईने ग्राइंडिंग झाले असेल तर उष्णतेने पृष्ठभाग जळतो, तेथे मऊ ठिपके पडतात आणि तो लोब इतरांच्या खूप आधी झिजतो. कास्ट आयर्नच्या शाफ्टवर मँगनीज फॉस्फेटचा लेप करून घेणे फायद्याचे ठरते, कारण सुरुवातीच्या काळात तो तेल धरून ठेवतो.

आता ताकदीविषयी. किलोवॅटमधील ताकद म्हणजे न्यूटन-मीटरमधील टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले 9549. एखादे इंजिन 5000 आरपीएमला 100 न्यूटन-मीटर देत असेल तर ताकद सुमारे 52 किलोवॅट होते. नव्या कॅममुळे त्याच इंजिनाने 6500 आरपीएमला 95 न्यूटन-मीटर टिकवले तर ती सुमारे 65 किलोवॅट होते. टॉर्कचे शिखर किंचित उतरूनही ताकद वाढली, ती केवळ इंजिन वरच्या आरपीएमला श्वास घेऊ शकले म्हणून. त्याची किंमत खाली मोजावी लागते: इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होत असल्याने कमी वेगात काही मिश्रण मागे ढकलले जाते, प्रत्यक्ष कॉम्प्रेशन घटते, ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) वाढल्याने आयडलिंग खडबडीत होते आणि ब्रेक बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूमही कमी होतो. म्हणून मोठ्या ड्युरेशनबरोबर कॉम्प्रेशन रेशो वाढवणे योग्य ठरते. रोज चालवण्याची गाडी असेल तर ड्युरेशनमध्ये थोडीच वाढ मागा आणि लिफ्ट हेडला पेलवेल तितकी घ्या. लिफ्ट व्हॉल्व्हच्या व्यासाच्या चौथ्या हिश्श्यावर पोहोचली की व्हॉल्व्हभोवतीची उघडी जागा व्हॉल्व्हच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाइतकी होते. त्यानंतरचा प्रवाह मुख्यतः पोर्ट ठरवतो. दोन ग्राइंडरांचे ड्युरेशनचे आकडे पडताळताना ते किती लिफ्टवर मोजलेले आहेत हे विचारायला विसरू नका: 1 मिमीवर मोजलेला आकडा आणि व्हॉल्व्ह नुकताच हलू लागल्यापासून मोजलेला आकडा यांची तुलना होऊ शकत नाही.

इंजिन जुळवताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये एकूण किमान 1 मिमी जागा उरते का, आणि रिटेनर (स्प्रिंग धरणारी वरची चकती) व्हॉल्व्ह सीलवर आपटत नाही ना, हे हाताने शाफ्ट फिरवून पाहा. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातील अंतर पिस्टनवर मॉडेलिंग क्लेचा थर ठेवून मोजता येते. इनटेकला सुमारे 2 मिमी आणि एक्झॉस्टला सुमारे 2.5 मिमी ही सामान्यतः पाळली जाणारी किमान मापे आहेत. हे अंतर टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या स्थानाच्या) आसपास 10 अंशांवर सर्वांत कमी असते, एक्झॉस्टसाठी आधी आणि इनटेकसाठी नंतर, म्हणून केवळ टीडीसीवर मोजून समाधान मानू नये. व्हेरिएबल टायमिंग असलेल्या इंजिनात टायमिंग सर्वांत आधीच्या आणि सर्वांत उशिराच्या अशा दोन्ही स्थानांवर ठेवून हीच तपासणी करावी लागते. टायमिंग चिन्हांवर विसंबू नका. डिग्री व्हील (अंशांची चकती) आणि डायल गेज लावून इनटेक लोबचे केंद्र ग्राइंडरने दिलेल्या अंशावर आणा, कारण ग्राइंडिंगमध्ये लोबचे केंद्र थोडे सरकलेले असू शकते. सपाट टॅपेट नवे घ्या किंवा त्यांचे तळ पुन्हा घासून घ्या, लोबना मॉलिब्डेनमयुक्त पेस्ट लावा, झिंक-फॉस्फरस पुरेसे असलेले तेल भरा आणि इंजिन सुरू होताच पहिली 20 मिनिटे ते 2000 ते 2500 आरपीएमवर ठेवा, कारण आयडलिंगला लोबवर तेलाचा शिडकावा कमी पडतो. त्यानंतर कार्बोरेटरचे जेट किंवा ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) मॅप नव्या कॅमनुसार बदलावा लागेल, अन्यथा मिळालेल्या फायद्यातला मोठा भाग वापरलाच जाणार नाही.

ग्राइंडरला शाफ्टसोबत टॅपेटचा व्यास, रॉकरचे गुणोत्तर, व्हॉल्व्हचे व्यास, स्प्रिंगची बसवलेली उंची, कॉम्प्रेशन रेशो आणि गाडी कोणत्या आरपीएमच्या पट्ट्यात चालवायची आहे हे सर्व लिहून द्या. शक्य असल्यास त्याच इंजिनाचा दुसरा वापरलेला पण सरळ शाफ्ट मिळवून तो ग्राइंडिंगला पाठवा आणि सध्याचा तेल लावून जपून ठेवा. नवे प्रोफाइल गाडीच्या वापराला जुळले नाही, तर मूळ शाफ्ट, त्याचे टॅपेट आणि शिम जसेच्या तसे परत बसवता येतील.