परभणीतून शेफिल्डची दुरुस्ती

वाचकांचे प्रश्न, एका सपोर्ट इंजिनिअरची उत्तरं

परभणीत घरी बसून मी एका ब्रिटिश कंपनीच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर सांभाळते, हे मागच्या अंकातल्या एका उत्तरात ओझरतं आलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की ‘फोन हँग होतो’वाले नेहमीचे प्रश्न या वेळी मागं ठेवलेत. त्या वाचकांनी रागावू नये. फोनमधले गुड मॉर्निंगचे फोटो पुसा, पुढच्या अंकापर्यंत भागेल.

ताई, मुलाला पुण्यात नोकरी लागली. कंपनी इंग्लंडची, काम ‘सपोर्ट’चं. दुपारी जातो, रात्री उशिरा येतो. आमच्या जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या, ‘इंजिनिअरिंग करून फोनच उचलायलाय का?’ काय सांगावं? आणि मार्चमध्ये ड्यूटीची वेळ तासाभरानं बदलली म्हणतो, हे खरं का? — एक आई, गंगाखेड

जाऊबाईंना सांगा, हो, फोनच उचलायलाय. ओपीडीतला डॉक्टरही दिवसभर ‘काय होतंय?’ असंच विचारत बसलेला असतो, त्याला कुणी हिणवत नाही.

वेळेचं आधी सांगते, कारण त्यावरून बऱ्याच घरांत उगाच संशय असतो. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं आणतात. त्यामुळं तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. तिकडं साडेपाचला ऑफिस सुटतं तेव्हा इथं रात्रीचे दहा नाहीतर अकरा वाजलेले असतात. मुलगा खरं बोलतोय. त्याच्या रात्रीच्या जेवणाकडं तेवढं लक्ष द्या, आमच्या टीममध्ये निम्म्यांना पित्त आहे.

आता काम. सपोर्टमध्ये तीन पायऱ्या असतात. पहिल्या फळीतला मुलगा फोन घेतो. पासवर्ड, प्रिंटर, न उघडणारी मेल हे तिथल्या तिथं मिटवतो. नाही मिटलं तर दुसऱ्या फळीकडं जातं, ते रिमोटनं मशीनमध्ये शिरून बघतात. सर्व्हर आणि नेटवर्कची दुखणी तिसरीकडं. प्रत्येक फोनचं तिकीट बनतं, म्हणजे कोण, काय म्हणालं, काय केलं याची नोंद. ही शिस्त १९८० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश सरकारच्याच एका खात्यानं पुस्तकांत बांधून दिली, तिला आयटिल म्हणतात. तुमचा मुलगा त्याचं सर्टिफिकेट काढेल बहुतेक, फीचे पैसे मागितले तर द्या.

पहिल्या फळीचं मोल काय, ते एका तिकिटावरून सांगते. आमच्या एका ऑफिसात काही जणांचे मॉनिटर मधूनच क्षणभर काळे व्हायचे आणि परत यायचे. आम्ही केबल बदलल्या, ड्रायव्हर बदलले, लॅपटॉप ज्यावर ठेवतात तो डॉकसुद्धा बदलला. काही फरक नाही. मग मी सगळी तिकिटं उघडून एकाखाली एक वाचली. पहिल्या फळीतल्या एका नवख्या मुलानं तक्रार करणाऱ्या बाईंचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं: ‘मी खुर्चीतून उठले की होतं.’ बाकीच्यांनी हे हसण्यावारी नेलं असतं आणि नुसतं ‘डिस्प्ले बंद पडतो’ असं लिहून टाकलं असतं. ज्यांच्या तक्रारी होत्या त्या सगळ्यांच्या खुर्च्या नव्या निघाल्या, वरखाली होणाऱ्या, गॅसच्या दांड्यावरच्या. असल्या खुर्चीतून माणूस उठला की स्थिर विजेची ठिणगी उडू शकते आणि तिचा झटका व्हिडिओ केबल उचलते. मॉनिटर जोडणारी उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांनाही हा प्रकार माहीत आहे. चांगल्या आवरणाच्या केबल टाकल्या, त्या खुर्च्यांपासून लांब ओढल्या, तक्रारी थांबल्या. श्रेय त्या फोन उचलणाऱ्या पोराचं. जाऊबाईंना हे सांगितलं तरी चालेल.

तुमच्या बरोबरीनं काम करणारे तिकडचे साहेब कसे राहतात? काम झाल्यावर काय करतात? आमच्या मुलांना परदेश म्हणजे सिनेमातलाच माहीत आहे. — एक शिक्षक, सेलू

माझ्या तिकडच्या एका सहकाऱ्याचं सांगते. त्याला साहेब म्हणू नका गुरुजी, त्याला चालायचं नाही. तिकडं मॅनेजरलाही नावानं हाक मारतात. मला पहिल्यांदा जीभ अडखळायची, मनात तरी ‘सर’ म्हणून घ्यायचे.

तो इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या शेफिल्डचा, पन्नाशीचा. जुने वजनदार मॉनिटर जिन्यावरून वाहून त्यानं नोकरीची सुरुवात केली आणि पाठ अजून त्याची आठवण काढते. आठवड्यातले काही दिवस घरून, काही दिवस गाडीच्या डिकीत केबल, कीबोर्ड, जुने डॉक भरून ऑफिसं फिरतो. सोमवार सकाळ पासवर्डांची. नाताळनंतरचा पहिला दिवस तर विचारूच नका, सुट्टीत माणसं स्वतःचं नाव तेवढं लक्षात ठेवतात. इंग्लंडात सार्वजनिक सुट्ट्या वर्षाला आठच. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्यानं वर्षाची किमान २८ दिवस पगारी रजा आहे, पण या आठ त्यातच धरल्या तरी चालतात. आपल्या झेडपीच्या कॅलेंडरकडं बघून तो हळहळतो.

आळीपाळीनं एकेक आठवडा रात्रीचा फोन उशाशी ठेवावा लागतो. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी मात्र पाळीबिळी राहिली नाही. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळं जगभरातले विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख. उपाय सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची. पण मशीन सुरूच होत नाही तर रिमोटनं शिरणार कुठून? आणि कंपन्यांच्या लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद असते, ती उघडायला ४८ आकडी किल्ली लागते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मी परभणीतून आकडे वाचायचे, पलीकडून यॉर्कशायरच्या हेलात कुणी ते परत म्हणायचं, चौथ्या गटात चूक, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या सासूबाईंना वाटलं, मी लॉटरीचे नंबर सांगतेय. तिकडं तो गाडी घेऊन ऑफिसामागून ऑफिस करत होता.

आता फावल्या वेळाचं, कारण माणूस खरा तिथं कळतो. त्याच्याकडं अलॉटमेंट आहे. तिकडं नगरपालिकेकडून भाजीपाल्यापुरता जमिनीचा तुकडा भाड्यानं मिळतो, त्यासाठी लोक प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षं थांबतात. जुन्या मापाचा पूर्ण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे! मी हे वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘एवढ्याला आम्ही बांध म्हणतो.’ पण त्या अडीच गुंठ्यांत तो बटाटा, घेवडा, कांदा, लसूण घेतो, झोपडीएवढ्या शेडमध्ये खुरपी टांगतो आणि गोगलगायींना शिव्या देतो. सतत पाऊस, त्यामुळं त्यांच्याकडं बिनशंखाच्या गोगलगायी फार. मी त्याला आपल्याकडचं सांगितलं, २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडं गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. हेक्टर ही गोष्ट काय असते याचा अंदाज त्याला तोवर नव्हता. आता दर जूनला विचारतो, पाऊस झाला का, पेरलं का.

डिसेंबरात शेफिल्डला पावणेचारच्या सुमारास दिवस मावळतो, मग वाफे बंद आणि जुन्या मशीन सुरू. मिल्टन कीन्सजवळ ब्लेचली पार्कला नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग आहे, तिथं तो मुलांना घेऊन जायचा, आता मुलं येत नाहीत तर एकटा जातो. तिथं कोलोसस या युद्धकाळातल्या कॉम्प्युटरची नव्यानं बांधलेली चालती प्रत आहे. मूळ कोलोसस टॉमी फ्लॉवर्स या पोस्ट खात्याच्या टेलिफोन इंजिनिअरनं दुसऱ्या महायुद्धात बनवला, १९४४ च्या सुरुवातीला तो जर्मनांचे गुप्त संदेश फोडण्याच्या कामाला लागला. त्यात दीड हजारांवर व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे. एवढे व्हॉल्व्ह म्हटल्यावर रोज काही ना काही उडणार, हे चालायचं नाही, असं जाणत्यांचं मत होतं. फ्लॉवर्सला टेलिफोन एक्स्चेंजच्या अनुभवातून ठाऊक होतं की व्हॉल्व्ह बहुतेक वेळा चालू-बंद करताना मरतो. म्हणून त्यानं सांगितलं, बंदच करू नका. युद्धानंतर बहुतेक यंत्रं मोडली आणि १९७० च्या दशकापर्यंत याची वाच्यताही झाली नाही. माझा सहकारी फ्लॉवर्सला ‘आपल्यातला’ म्हणतो. गुरुजी, तुमच्या पोरांना सिनेमाऐवजी हे सांगा.

१९८५ च्या आसपास आमच्या शाळेला सरकारकडून बीबीसी नावाचा कॉम्प्युटर मिळाला होता. तो स्टोअररूममध्ये सापडला. नातू म्हणतो, लावून बघू. लावावा का? — निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई

लावू नका! निदान अजून नाही.

हा बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी १९८१ मध्ये काढला आणि १९८४ मध्ये भारत सरकारनं ‘क्लास’ योजनेत शाळांना दिला. मॉडेल बी असेल तर मेमरी ३२ केबी. तुमच्या नातवाचा एक फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही.

धोका मेमरीत नाही, पॉवर सप्लायमध्ये आहे. त्यात विजेच्या वाटेवर पिवळट पारदर्शक खोक्याचे कपॅसिटर असतात. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला केसासारख्या भेगा पडतात, आत दमट हवा शिरते. वीज दिली की थोडा वेळ सगळं छान चालतं, मग फट्ट! आणि खोलीभर तपकिरी, घाण वासाचा धूर. कॉम्प्युटर सहसा वाचतो, पण नातू पुन्हा हात लावत नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा जुना माणूस गाठा. गावात असा एक तरी शिल्लक असतोच. त्याला सप्लाय उघडून तेवढे कपॅसिटर बदलायला सांगा, ‘एक्स २’ प्रतीचे. स्वतः उघडू नका, आत मेन्सचा करंट असतो.

चालू झाला तर नातवाला आणखी एक सांगा. हाच कॉम्प्युटर बनवणाऱ्या मंडळींनी, सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी, पुढं एआरएम नावाची चिप रचली. २६ एप्रिल १९८५ ला पहिला नमुना चालवून पाहिला. फर्बर तिला किती करंट लागतो ते मोजायला गेले तर मीटरवर शून्य! बोर्डावर चिपची वीजजोडणीच झाली नव्हती. बाकीच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवर ती बिनबोभाट चालत होती. नातवाच्या खिशातला मोबाइल त्याच घराण्यातल्या चिपवर चालतो.

आणि तो कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. घ्यायला आलेला पत्र्याच्या भावानं नेईल.

कृषी सेवा केंद्राचा कॉम्प्युटर विंडोज १० वर आहे. ‘सपोर्ट संपला’ असा मेसेज यायलाय. पोरगा म्हणतो नवीन घ्या. खरंच लागतो का? — एक दुकानदार, वसमत

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेची फुकट दुरुस्ती आपोआप येणं थांबतं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, तो आहे का ते पोराला बघायला लावा, असेल तर खर्च शून्य. नसेल आणि हिशेबाचं टॅली त्याच्यावरच असेल, तर ते मशीन फक्त टॅलीला ठेवा आणि त्यावरचं बँकेचं काम, ईमेल, व्हॉट्सअॅप बंद करा. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह दुकानात नको, घरी.

वसुलीच्या दिवसांत नवीन मशीन बसवू नका. पेरणीआधी तर मुळीच नाही.

पुतण्यानं लंडनहून लॅपटॉप आणला. पिन चौकोनी, सॉकेटात जात नाही. कन्व्हर्टर लावला तर ढिला बसतो, ठिणग्या उडतात. — एक वाचक, उदगीर

कन्व्हर्टर काढून टाका. ब्रिटिश प्लगच्या पोटात फ्यूज असतो, लॅपटॉपला बहुधा ३ किंवा ५ अँपिअरचा, किटलीला १३ चा. तिकडं ‘कॉम्प्युटर मेला’ असा फोन आला की माझा सहकारी आधी तो फ्यूज बघायला सांगतो. आपल्या प्लगमध्ये तो नसतो, त्याची इथं गरजही नाही.

चार्जरच्या विटेवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ लिहिलंय का बघा, असतंच. मग विटेपासून भिंतीपर्यंतची वायर सुटी होते, ती ओढून काढा. विटेकडच्या तोंडाला तीन पाकळ्यांसारखी तीन भोकं असतील. तसलीच, पण आपल्या गोल पिनांची वायर कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याकडं मिळते. दुकानात जुनी वायर सोबत न्या, तोंडी वर्णन करत बसू नका.

लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं, त्यामागं तार नसते. आणि लंडनची वायर टाकून देऊ नका, पुतण्या परत जाताना मागेल.