पुन्हा पुन्हा सोनोग्राफी केल्याने पोटातल्या बाळाला अपाय होतो का?

तुम्ही लिहिलंय की आतापर्यंत पाच सोनोग्राफी झाल्या, बत्तिसाव्या आठवड्यात बाळाची वाढ जरा मागे दिसली म्हणून आता दर पंधरवड्याला डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, करायला सांगितलंय, आणि इतक्यांदा किरणं पोटात जाणं बरं नाही असं घरचे म्हणतायत. मी रेडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं उपकरण, हातातच असतो, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

आधी घरच्यांची शंका. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमधली किरणं डीएनएला थेट इजा करू शकतात, आणि अशी इजा साठत जाते असं धरून चालावं लागतं. सोनोग्राफीत किरणं नसतातच. प्रोबमधून निघतो तो आवाज, फक्त आपल्याला ऐकू न येणारा: पोटावरून तपासताना सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनं. त्याने थोडी ऊब आलीच, तर तपासणी थांबल्यावर ती रक्ताबरोबर वाहून जाते, पुढच्या वेळेसाठी शिल्लक राहत नाही. म्हणून ‘किती वेळा झाली’ यापेक्षा कोणत्या मोडमध्ये (साधं चित्र की डॉप्लर), एकाच जागी किती वेळ आणि कशासाठी, हे मी बघते.

आवाज निरुपद्रवीच असतो असं मात्र नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ पाण्यात प्रयोग करत होते, तेव्हा त्यांच्या ध्वनीझोतात सापडलेले मासे मेले होते. आज तर प्रखर अल्ट्रासाउंड एका बिंदूवर एकवटून गर्भाशयातल्या गाठी जाळतात. प्रश्न तीव्रतेचा आणि वेळेचा आहे.

शरीरावर परिणाम होतो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक म्हणजे उष्णता. दुसरी वाट यांत्रिक: ध्वनीलहरींच्या दाबाने वायूचे बुडबुडे फुगतात, फुटतात आणि शेजारच्या पेशींना धक्का बसतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हवा भरलेल्या फुफ्फुसांत यामुळे बारीक रक्तस्राव झालेला दिसलाय. पोटातल्या बाळाच्या फुफ्फुसांत हवा नसते, त्यामुळे तिथे ही काळजी कमी. उष्णतेची मात्र घ्यायची, कारण हाड आवाज सगळ्यात जास्त शोषतं आणि कवटीला लागूनच मेंदू असतो.

पुढच्या वेळी पडद्याच्या कडेला बघा. बारीक अक्षरांत टीआय आणि एमआय असे दोन आकडे असतात. टीआय उष्णतेचा, एमआय बुडबुड्यांचा. टीआय १ म्हणजे ठरावीक गृहीतकांनुसार ऊतीचं तापमान साधारण १ अंश सेल्सिअसने वाढू शकेल इतकी शक्ती. साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात हा आकडा बहुधा १ च्या बराच खाली असतो. त्यात यंत्र आवाजाचा एक अगदी छोटा ठोका सोडतं आणि उरलेला वेळ प्रतिध्वनी ऐकण्यात घालवतं, शिवाय झोत सगळ्या चित्रभर फिरत असतो. रक्तप्रवाहाचा आलेख काढायला स्पंदित डॉप्लर लावला की ठोके लांब होतात, भराभर येतात आणि एकाच रेषेवर पडत राहतात. बटण दाबताच टीआय चढताना दिसतो.

मर्यादा ठरलेल्या आहेत. तापमान नेहमीपेक्षा १.५ अंशापर्यंत वाढलं तर चालतं. ४ अंशांची वाढ ५ मिनिटं टिकली तर ती गर्भाला धोक्याची मानतात. ब्रिटनमधल्या अल्ट्रासाउंड संस्थेच्या शिफारशीनुसार गरोदरपणात टीआय ०.७ च्या वर गेला तर तपासणी ६० मिनिटांत, १ च्या वर गेला तर ३० मिनिटांत आणि १.५ च्या वर गेला तर १५ मिनिटांत आटोपायची. तुमच्या डॉप्लरमध्ये नाळेच्या धमनीवर प्रत्यक्ष झोत असतो तो बहुतेक वेळा एक-दोन मिनिटं.

आता पुरावा. गरोदर स्त्रियांची सोनोग्राफी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ग्लासगोत प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांच्या कामातून पुढे आली, म्हणजे तेव्हा तपासलेली बाळं आज साठीच्या पुढची आहेत. जन्माचं वजन, कर्करोग, शाळेतली प्रगती, असं सगळं तपासून झालंय आणि अपाय सिद्ध झालेला नाही. नॉर्वेतल्या अभ्यासांत मुलग्यांमध्ये डावखुरेपणाशी पुसटसा संबंध दिसला, तेवढाच. ऑस्ट्रेलियात १९९३ मध्ये वारंवार डॉप्लर केलेल्या गटात वजन किंचित कमी आढळलं होतं. तीच मुलं आठ वर्षांची झाल्यावर फरक उरला नव्हता.

पण एक गोष्ट डॉक्टरही सहसा बोलत नाहीत. यातला बराचसा अभ्यास जुन्या यंत्रांवरचा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत गर्भासाठीची तीव्रतेची मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला ९४ मिलिवॅटवरून ७२० वर नेली गेली, जवळजवळ आठपट. पडद्यावरचे आकडे त्या बदल्यातच सक्तीचे झाले. त्यामुळे ‘साठ वर्षं काही झालं नाही’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. आकड्यावर नजर हवीच, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. तेव्हा नुसते बाळाच्या हृदयाचे ठोके मोजायला स्पंदित डॉप्लर लावण्याची गरज नसते, एम-मोडमध्ये (एका रेषेवरची हालचाल आलेखात दाखवणारा साधा मोड) ते नीट मोजता येतात. आणि केवळ आठवण म्हणून बाळाचे लांबलचक व्हिडिओ काढणं मला पटत नाही, मग यंत्र कितीही चांगलं असो.

तुमची गोष्ट वेगळी आहे. वाढ मागे पडलेल्या बाळात वारेकडे जाणारा प्रवाह अडतोय का, हे नाळेच्या धमनीच्या आलेखावरून कळतं, आणि बाळ आत ठेवायचं की बाहेर काढायचं हा निर्णय बराचसा त्यावरच होतो. जोखमीच्या गरोदरपणात या तपासणीमुळे बाळांचे मृत्यू कमी होतात हे चाचण्यांत दिसलंय. तेव्हा ठरलेल्या तारखा चुकवू नका. त्या दिवशी अंगात ताप असेल तर आधीच सांगा, कारण आईचं तापमान वाढलेलं असलं की बाळासाठीची सवलत तेवढीच कमी होते. आणि दोन तपासण्यांच्या मध्ये बाळाची हालचाल मंदावली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.