फाटलेले पत्र आणि चाळीस पानांची वही

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची आहे. मला मुली आवडतात हे शाळेत असल्यापासून मला ठाऊक आहे; घरी मात्र मी कोणालाही सांगितलेले नाही. गेले वर्षभर मी माझे लहानपण कॉमिक्सच्या रूपात काढते आहे आणि चाळीस पाने झाली आहेत. त्यातल्या एका पानावर, मी पंधरा वर्षांची असताना, एका मैत्रिणीला लिहिलेले माझे पत्र आईला दप्तरात सापडते आणि ती चकार शब्द न बोलता ते फाडून टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझी वेणी नेहमीपेक्षा घट्ट घातली होती. त्यानंतर हा विषय घरात कधीही निघाला नाही. हे पान ठेवू की काढून टाकू? बोलायचे धैर्य होत नाही, म्हणून वहीच आईच्या हातात दिली तर चालेल का? आणि माझ्याआधी असे कोणी केले आहे, की मीच काहीतरी विचित्र करते आहे? – चौकटीतली

उत्तर : प्रिय चौकटीतली,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यातला ‘विचित्र’ हा शब्द मला फार लागला. तू जे करते आहेस त्याला निदान पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो तुझ्यापर्यंत पोहोचला नाही, यात तुझा दोष नाही. अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्सच्या प्रकाशकांनी स्वतःसाठी एक आचारसंहिता आखून घेतली. तिच्यात ‘लैंगिक विकृती’ दाखवण्यास तर बंदी होतीच, पण तिच्याकडे नुसता इशारा करण्यासही होती, आणि समलिंगी प्रेम त्या काळी विकृतीतच मोडत असे. हे कलम १९८९ सालापर्यंत टिकले. म्हणजे तब्बल पस्तीस वर्षे तिथल्या, तुझ्यासारख्या मुलींनी दुकानातून जी कॉमिक्स घरी आणली, त्यांत त्यांच्यासारखी मुलगी असणे नियमानेच अशक्य होते.

त्यामुळे वाट निघाली ती आचारसंहितेच्या मंजुरीची मोहोर न घेता छापल्या जाणाऱ्या स्वतंत्र अंकांतून. १९७२ साली ‘विमेन्स कॉमिक्स’ या स्त्रियांनी चालवलेल्या मालिकेच्या पहिल्या अंकात ट्रीना रॉबिन्स यांनी एका तरुणीची, आपण लेस्बियन आहोत हे उघडपणे सांगणारी कथा रेखाटली. रॉबिन्स स्वतः लेस्बियन नव्हत्या. मेरी विंग्स या तरुणीने ती कथा वाचली, आपले आयुष्य असे बाहेरून सांगितलेले तिला पटले नाही, आणि १९७३ साली तिने स्वतःचे ‘कम आउट कॉमिक्स’ काढून स्वतःच प्रसिद्ध केले. कोणी बोलावण्याची किंवा परवानगी देण्याची वाट तिने पाहिली नाही, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. १९७६ मध्ये रॉबर्टा ग्रेगरी यांनीही आपला अंक असाच स्वबळावर छापला. पुढे १९८३ पासून ॲलिसन बेक्डेल यांनी लेस्बियन मैत्रिणींच्या एका गटाची चित्रमालिका जवळजवळ पंचवीस वर्षे चालवली. तिच्यातल्या बायका नोकऱ्या करतात, भांडतात, प्रेमात पडतात, वेगळ्या होतात, आणि मुख्य म्हणजे त्यांचे वय वाढत जाते. आपल्यासारखी बाई चाळिशीत कशी दिसत असेल हे ज्या मुलीने कधीच पाहिलेले नाही, तिला अशी मालिका काय देऊ शकते, हे मी तुला वेगळे सांगायला नको.

या बेक्डेल यांची आणखी एक हकीकत तुझ्या दुसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी आईवडिलांना पत्राने आपली लैंगिकता कळवली. उत्तरादाखल आईकडून त्यांना समजले की वडिलांचेही पुरुषांशी संबंध होते. त्यानंतर काही महिन्यांतच, १९८० साली, ट्रकखाली सापडून वडील गेले. या सगळ्याचे चित्रमय आत्मकथन ‘फन होम’ या नावाने प्रसिद्ध झाले ते २००६ साली. सांगणे आणि रेखाटणे यांच्यामध्ये पाव शतक गेले. तू तेवढे थांबावेस असे मी म्हणत नाही. पण ही दोन कामे वेगवेगळी आहेत, हे मात्र नक्की म्हणते.

वही आईच्या हातात देऊ नकोस, निदान पहिली बातमी म्हणून तरी नको. चाळीस पाने एकदम समोर आली की तुला मुली आवडतात ही गोष्ट तिला नीट कळण्याआधीच, आपण पत्र फाडले होते आणि मुलीने ते लक्षात ठेवले, हे तिला दिसेल. मग तिचा सगळा जीव स्वतःचा बचाव करण्यात जाईल आणि तुझे म्हणणे बाजूला पडेल. तिला जे सांगायचे ते तोंडाने, दोन-तीन साध्या वाक्यांत सांग, आणि तेही तुझ्या सोयीच्या वेळी. राहणे आणि पैसा यांसाठी तू अजून घरावर अवलंबून असशील, तर आधी एका विश्वासू माणसाला सांग, आणि गरज पडली तर काही दिवस कुठे राहता येईल याची सोय करून ठेव.

आता त्या पानाविषयी. ते काढून टाकू नकोस. ते कोणाला दाखवायचे आणि कधी, हा निर्णय पुढेही घेता येईल. पण आई ओळखेल या भीतीने तू आत्ताच हात आखडलास, तर उरलेली एकोणचाळीस पानेही खोटी पडतील. मात्र ते पान पुन्हा एकदा काढून पाहा, असे सुचवेन. बेक्डेल त्या पुस्तकासाठी प्रत्येक पात्राच्या जागी स्वतः उभ्या राहत, छायाचित्र काढत आणि त्यावरून चित्र रेखाटत. वडिलांचे चित्र काढताना त्यांना वडिलांसारखे उभे राहावे लागे. तूही एकदा तुझ्या आईसारखी बस, हातात एक कागद घे आणि तो फाड. खांदे कसे होतात, नजर कुठे जाते, ते पाहा. तिला माफ करण्यासाठी हे करायचे नाही. पंधराव्या वर्षी दारात उभे राहून तुला जे दिसले नसेल, ते आता दिसावे म्हणून करायचे. कॉमिक्सची खरी ताकद मला इथेच वाटते : चित्रात पंधरा वर्षांची मुलगी असते, वरच्या ओळीत बावीस वर्षांची बोलत असते, आणि एकाच चौकटीत दोघींना जागा मिळते.

आणि ती वेणी. तुझ्या पत्रात ती आहे, पण वहीत आहे की नाही हे तू लिहिलेले नाहीस. तिने ती रागाने आवळली, घाबरून आवळली, की तुझ्या केसांवरून हात काढवेना म्हणून आवळली, हे तुला आजही ठाऊक नाही, आणि तू ते ठरवायलाही जाऊ नकोस. चौकटीत फक्त तिची बोटे आणि तुझी पाठ काढ, आणि वरची ओळ कोरी ठेव.

तुझी ताई