प्रसरण पावतं ते काय: विश्व की अवकाशकाल?

प्रश्न असा आहे: ‘महास्फोटापासून विश्व प्रसरण पावत आहे’ आणि ‘महास्फोटापासून अवकाशकाल प्रसरण पावत आहे’ अशी दोन्ही वाक्यं वाचायला मिळतात; मग हे दोन शब्द समानार्थी समजायचे का?

नाही. आणि त्यातलं दुसरं वाक्य जरा ढिलं आहे, त्याकडे येतोच.

‘विश्व’चा संस्कृतातला मूळ अर्थ ‘सर्व’. विश्वजित म्हणजे सर्व जिंकणारा, विश्वेदेव म्हणजे सर्व देव. तोच अर्थ आजच्या वापरातही टिकून आहे. दीर्घिका (म्हणजे ताऱ्यांचे अफाट समूह), तारे, धूळ, प्रकाश, तुम्ही-आम्ही, शिवाय हे सगळं ज्या जागेत नि ज्या काळात आहे ते दोन्ही, सगळंच विश्वात आलं.

अवकाशकाल म्हणजे यातलं फक्त ‘कुठे आणि केव्हा’. १९०८ साली जर्मनीतल्या कलोनमधल्या व्याख्यानात गणितज्ञ हर्मान मिंकोवस्की यांनी अवकाश आणि काळ यांची फारकत मोडून चार मितींचं एकच अस्तित्व मानलं. समजा, तुम्ही खोलीतल्या दिव्याचं बटण दाबलंत. ते कुठे दाबलंत हे सांगायला तीन आकडे लागतात: दोन लगतच्या भिंतींपासूनची अंतरं आणि जमिनीपासूनची उंची. चौथा आकडा वेळेचा. या चौकडीने अवकाशकालातला एक बिंदू ठरतो. बोट, बटण, वीज, उजेड ही विश्वातली सामग्री. अवकाशकालात फक्त त्या घटनेचा पत्ता. अर्थात हा पत्ता कागदावरच्या पत्त्यासारखा निर्विकार नाही. आइन्स्टाइनच्या १९१५च्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानुसार वस्तुमानामुळे अवकाशकाल वक्र होतो, आणि २०१५मध्ये अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने टिपलेल्या गुरुत्वीय लहरी म्हणजे त्याच्यातच उठलेले तरंग.

व्याकरणही इथे साक्ष देतं. ‘आईवडील आले’ असं अनेकवचन आपण वापरतो, पण ‘केरकचरा काढला’ हे एकवचन. अवकाशकाल या दुसऱ्या जातीचा: ‘अवकाशकाल वक्र असतो’, ‘असतात’ नव्हे. दोन वस्तूंची जोडी नाही, एकच वस्तू आहे. गंमत म्हणजे मराठीतला नुसता ‘अवकाश’सुद्धा दोन्हीकडे पाय ठेवून आहे. ‘निघायला अजून अवकाश आहे’ यात जागेचा काही संबंध नाही, निव्वळ वेळ आहे. ‘सावकाश’ही त्यातूनच आला.

मग गोंधळ होतो कुठे? बराचसा शास्त्रज्ञांमुळेच. डच खगोलशास्त्रज्ञ विलेम द सिटर यांनी १९१७मध्ये आइन्स्टाइनच्या त्याच सिद्धांतातल्या समीकरणांचं असं उत्तर काढलं, ज्यात द्रव्यच नाही. त्याला ‘द सिटर विश्व’ही म्हणतात आणि ‘द सिटर अवकाशकाल’ही. सामग्रीच नसली की दोन्ही शब्द एकाच गोष्टीवर येऊन बसतात. माझ्या कानाला मात्र ‘रिकामं विश्व’ खटकतं, ‘रिकामा अवकाशकाल’ खटकत नाही.

आता ते ढिलं वाक्य. दूरदूरच्या दीर्घिकांमधली अंतरं काळाबरोबर वाढत जातात, याला आपण प्रसरण म्हणतो. पण काळ तर अवकाशकालाच्या पोटातच आहे. मग अख्खा अवकाशकाल वाढणार तो कुठल्या काळात? म्हणून ‘विश्व प्रसरण पावतं’ लिहा, किंवा नेमकेपणा हवा असेल तर ‘अवकाश प्रसरण पावतो’. ‘काल’ जोडायचा तो वक्रतेबद्दल किंवा लहरींबद्दल लिहिताना.