सहाही जागी एकच शाळा टाकू नका

प्रश्न: नमस्कार. आम्ही ठाण्याहून लंडनला आलो, हॅरोत राहतो. मुलगा आता इयर सिक्समध्ये, म्हणजे प्रायमरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सेकंडरीचा फॉर्म भरायचाय. जवळची सरकारी शाळा सगळ्यांनाच हवी असते, दरवर्षी फुल होते. ग्रूपवर कुणी म्हणतं फॉर्मवर पसंतीच्या सहा जागा असतात, सहाही जागी तीच टाका म्हणजे त्यांना द्यावीच लागेल, कुणी म्हणतं पहिल्या नंबरला टाकली नाही तर शाळा विचारच करत नाही. हेडटीचरना भेटून मुलाचे रिपोर्ट दाखवू का? आणि शाळेजवळ थोडे महिने भाड्याने घर घेतलं तर चालेल का? – एक आई

उत्तर: ताई, आधी ते सहा वेळा टाकायचं डोक्यातून काढा. एकच शाळा सहादा टाकली तरी ती एकदाच मोजतात, बाकी पाच जागा वाया. आणि तिथे नंबर नाही लागला तर काउन्सिल, म्हणजे इथली महापालिका, जिथे जागा उरलीये तिथे देऊन मोकळं होतं, ती शाळा दोन बस बदलून जायची असू शकते.

दुसरी भीती आपल्याकडच्या अकरावीच्या ऑनलाइन अ‍ॅडमिशनमुळे येते असं मला वाटतं, तिथे पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की घ्यावंच लागतं नाहीतर पुढच्या फेऱ्या गेल्या, म्हणून आपण क्रम लावताना घाबरतो. इंग्लंडमध्ये तसं नाहीये. तुम्ही कुठली शाळा कितव्या नंबरला टाकली हे शाळा बघतच नाही, त्यांच्यासाठी सगळे अर्ज सारखे. प्रत्येक शाळेच्या नियमांप्रमाणे मुलांची यादी लागते, आणि तुमचं मूल दोन-तीन याद्यांत बसत असेल तर काउन्सिल त्यातली तुमच्या फॉर्मवर सगळ्यात वर असलेली देतं, बाकीच्या सोडून देतं. पहिली पसंती देणाऱ्यांना आधी घ्यायची पद्धत २००७ च्या कोडनेच, म्हणजे शाळाप्रवेशाच्या सरकारी नियमावलीनेच, बंद झाली. त्यामुळे मनापासून जी हवी ती बिनधास्त वर टाका.

आता यादी कशी लागते. समजा शाळेत १८० जागा आहेत आणि अर्ज ७००. ज्या मुलांच्या विशेष गरजांच्या सरकारी प्लॅनमध्ये त्याच शाळेचं नाव आहे त्यांना घ्यावंच लागतं, समजा ती ५. मग काउन्सिलच्या देखभालीत असलेली किंवा आधी होती अशी मुलं, समजा ५. मग बऱ्याच शाळांत भावंडं, ती ६० धरा. उरल्या ११० जागा, त्या घर शाळेच्या किती जवळ आहे त्यावर, आणि अंतर बहुतेक ठिकाणी नकाशावर सरळ रेषेत कॉम्प्युटर मोजतो, तुम्ही चालत कुठून जाता ते नाही. शेवटच्या जागेला दोन मुलं अगदी बरोबरीत आली, एकाच बिल्डिंगमधली वगैरे, तर सरळ चिठ्ठी. काही शाळा धर्म बघतात, त्यांचा वेगळा फॉर्म असतो, काही ठरावीक प्रायमरी शाळांना प्राधान्य देतात, ब्रायटनमध्ये तर २००८ पासून एका विभागातली मुलं जास्त झाली की लॉटरी काढतात. म्हणून प्रत्येक शाळेचे नियम तिच्या वेबसाइटवर जाऊन स्वतः वाचा, ग्रूपवरचं ऐकू नका.

यात मुलाचे रिपोर्ट कुठेच नाहीत बघा. हेडटीचरना भेटून उपयोग नाही, अ‍ॅडमिशनसाठी मुलाखत घ्यायची, आधीच्या शाळेचे रिपोर्ट बघायचे किंवा देणगी मागायची त्यांना मनाईच आहे. मला ही गोष्ट फार आवडते, ओळख नसलेल्या आपल्यासारख्या नवीन कुटुंबांना यातच खरा आधार आहे. अपवाद परीक्षेच्या शाळांचा, जसं की बार्नेटची क्वीन एलिझाबेथ्स, तिथे टेस्टच्या मार्कांवर नंबर लागतो. त्यासाठी आधीच नाव नोंदवलेलं असावं लागतं, टेस्ट साधारण सप्टेंबरमध्ये होते.

भाड्याच्या घराचं म्हणाल तर खरंच राहायला जाणार असाल तर जा, काहीच चूक नाही. पण जुनं घर ठेवून नुसत्या पत्त्यासाठी घेतलंत तर काउन्सिल तपासतं आणि खोटं निघालं तर मिळालेली जागाही काढून घेतात, मुलाला त्यातून नेऊ नका प्लीज. शिवाय मागच्या वर्षी जितक्या अंतरापर्यंत जागा मिळाली तितकीच यंदा मिळेल असं नाही, भावंडं जास्त आली की ते अंतर कमी होतं.

तेव्हा वरच्या तीन-चार जागा आवडीच्या, पण खाली निदान एक शाळा अशी हवीच जिथे गेल्या वर्षीच्या अंतरात तुमचं घर आरामात बसतं. फॉर्म ३१ ऑक्टोबरच्या आत भरा, उशिरा आलेला अर्ज साधारणपणे वेळेवर आलेल्या सगळ्यांच्या मागे जातो.

निकाल १ मार्चला. मनासारखी नाही लागली तरी मिळालेली जागा आधी हो म्हणून धरून ठेवा, त्याने वरच्या शाळांच्या वेटिंग लिस्टवर किंवा अपीलवर काही फरक पडत नाही. वेटिंग लिस्टही याच नियमांनी लागते, आधी कोण आलं त्यावर नाही, म्हणून तुमचा नंबर मधेच मागे गेला तर घाबरू नका, कुणीतरी जवळ राहायला आलं असेल. आणि अपील केलंत तर 'मुलगा हुशार आहे' एवढंच लिहू नका, त्या शाळेत असं काय आहे जे त्याला दुसरीकडे मिळणार नाही ते कागदपत्रं जोडून लिहा.