रोमन साम्राज्य नेमकं कशामुळे कोसळलं?

रानटी टोळ्यांनी रोम लुटलं आणि साम्राज्य संपलं, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. पण तोवर साम्राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते, आणि ४१० मध्ये गॉथ टोळीचा राजा अलारिकने रोम लुटलं तेव्हा पश्चिमेचा सम्राट तिथे नव्हताच. दरबार दलदलीच्या आडोशाला इटलीतल्याच राव्हेना शहरात बसला होता. त्यानंतरही पश्चिम साम्राज्य सहा दशकं तगलं.

माझ्या मते वर्मी घाव बसला तो ४३९ मध्ये. व्हँडल या जर्मानिक टोळीचा राजा गैसेरिकने उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर घेतलं आणि तो प्रदेश रोमच्या हातचा गेला. रोमचं धान्य, तेल आणि पश्चिमेचा सर्वांत भरवशाचा महसूल तिथूनच यायचा. महसूल आटला की सैन्याचा पगार थकतो, सैन्य घटलं की आणखी प्रांत जातात. आधीच्या यादवी युद्धांनी राज्य पोखरलं होतंच.

४६८ मध्ये पूर्व आणि पश्चिम रोमने मिळून आफ्रिका परत घ्यायला प्रचंड आरमार धाडलं. गैसेरिकने पाच दिवसांची मुदत मागितली, सेनापती बॅसिलिस्कसने ती दिली! तेवढ्यात वारा फिरला आणि व्हँडलांनी पेटती जहाजं थेट रोमन ताफ्यात सोडली. खजिनाही गेला, आशाही गेली.

४७६ मध्ये इटलीतल्या सैन्याचा जर्मानिक सेनानी ओडोएकरने पश्चिमेचा पोरवयाचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलसला गादीवरून उतरवलं, तेव्हा राखायला इटलीपलीकडे फारसं उरलं नव्हतं. पूर्वेकडे मात्र इजिप्तचं धान्य आणि कर चालू होते, म्हणून पूर्वेची राजधानी कॉन्स्टँटिनोपल त्या शतकातून सावरलं आणि तिथली सत्ता १४५३ पर्यंत चालली.