स्लो कुकरमधलं पुल्ड पोर्क लगदा का होतं, आणि त्याला धुराचा स्वाद कसा आणायचा?

तुम्ही म्हणता, पुल्ड पोर्कसाठी, म्हणजे मऊ शिजवून धाग्यांत सोडवलेल्या डुकराच्या मांसासाठी, तुकडा बुडेल एवढं पाणी आणि सॉस घालून दहा तास ठेवता, शेवटी लिक्विड स्मोक (बाटलीतला द्रवरूप धूर) टाकता. तरी मांसाचा लगदा होतो आणि धूर औषधासारखा वरवर लागतो. माझ्या मते सगळी कामं एकाच भांड्याच्या गळ्यात घातल्याचा हा परिणाम आहे. धूर आधी द्यायचा, मांस कच्चं आणि थंडगार असताना. मऊ करायचं काम नंतरचं.

धुरातला स्वाद थंड, ओलसर मांसावर जास्त धरतो. म्हणून आदल्या रात्री किलोला साधारण १५ ग्रॅम मीठ चोळून ठेवायचं आणि फ्रिजमधून काढून थेट धुरात. खास स्मोकर नसला तरी झाकणाचा कोळशाचा ग्रिल चालतो. निखारे एका कडेला, मांस दुसऱ्या कडेला, निखाऱ्यांवर हिकरी, ओक किंवा सफरचंदाच्या लाकडाचे एक-दोन सुके ठोकळे. भिजवलेलं लाकूड आधी नुसती वाफ सोडतं, तेव्हा त्या भानगडीत पडू नका. झाकणाखाली ११० ते १२० अंश सेल्सिअस राखा आणि धुराकडे बघत राहा. जेमतेम दिसणारा, निळसर धूर हवा. दाट पांढरे लोट निघू लागले की लाकूड नीट जळत नाहीये असं समजा आणि हवेची झडप उघडा, नाहीतर मांस कडवट होतं. तीनेक तास पुरे. कापल्यावर कडेला जी गुलाबी पट्टी दिसते, तिचं लोक फार कौतुक करतात. पण धुरातल्या वायूंचा मांसातल्या मायोग्लोबिनशी (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाशी) संयोग होऊन आलेला तो नुसता रंग आहे, चवीशी त्याचा संबंध नाही.

मग गरम असतानाच तुकडा कुकरमध्ये, मंद आचेवर. पाणी अजिबात नको! मांस स्वतःच भरपूर रस सोडतं.

तुकडा मात्र खांद्याचाच घ्या, शक्यतो हाडासकट. पाठीचं मांस कितीही मंद शिजवलं तरी त्याचा चोथाच होणार, कारण त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, फारसं नसतं. खांद्यातलं कोलॅजन ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि तोच मऊपणा आपल्याला हवा असतो. मांसाच्या आत ९० ते ९५ अंश झाले की काम होत आलं. घड्याळावर विसंबू नका, चार-पाच तासांनंतर अधूनमधून तपासा. हाड हलवून बघा: ते स्वच्छ निसटून हातात यायला हवं. काटा खुपसून पिरगाळला की धागे एकमेकांपासून सुटावेत, पण तुटू नयेत. धागेच तुटून भुगा व्हायला लागला तर वेळ टळून गेली.

फॉइलमध्ये गुंडाळून अर्धा-पाऊण तास निवू द्या. मग हातानेच सोडवा, बोटाएवढे जाड तुकडे ठेवून. काट्यांनी किंवा मिक्सरने बारीक केलेलं मांस चांगलं शिजलेलं असलं तरी लगदाच लागतं. कुकरमधला रस गाळून, वरची चरबी काढून, आटवून त्यात चमचाभर व्हिनेगर घाला आणि लागेल तेवढाच मांसात मिसळा. गोड सॉस त्यानंतर, तोही बेताने.

ग्रिल शक्यच नसेल तर लिक्विड स्मोक वापरायला हरकत नाही. लाकडाचा खरा धूर थंड करूनच तो बनवतात, लोक उगाच नाकं मुरडतात. फक्त शेवटी ओतू नका. तीन-चार थेंब मीठ आणि स्मोक्ड पाप्रिकाबरोबर कच्च्या मांसालाच चोळा. सोडवलेलं मांस ट्रेमध्ये पसरून ओव्हनच्या वरच्या कडक आचेखाली चार-पाच मिनिटं धरा, कडा करकरीत होतात. तेवढा वेळ ओव्हनसमोरून हलू मात्र नका, सॉसमधली साखर बघता बघता करपते.